दुसऱ्याचा हात

बोईसरजवळच्या सरावली गावातल्या आमच्या घरमालकांना दुसऱ्याचा हात चालत नसे. यात सोवळंओवळं काही नव्हतं. त्या बाबतीत माणूस अगदी मोकळा, कोळणीच्या टोपलीतला बोंबील उचलून तिथल्या तिथे नाकाला लावून बघणारा. पण ज्या कामाला दोन माणसं लागतात ते आपण एकट्यानं करायचं, हा त्यांचा बाणा होता.

ओली चादर पिळायची तर दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. मालकांनी त्यासाठी फणसाच्या खोडात एक मोठा आकडा ठोकला होता. चादरीचं एक टोक आकड्यात, दुसरं स्वतःच्या मुठीत, आणि मग पीळ देत देत ते मागे सरकत. खाट हलवायची तर ती उलटी करून डोक्यावर घेत; लांबून बघणाऱ्याला खाटच पाय वर करून चालत निघाल्यासारखी दिसे. पाठीला तेल लावायला त्यांनी पडवीच्या खांबाला सुंभ गुंडाळून ठेवलं होतं. त्यावर तेल ओतायचं आणि म्हशीसारखी पाठ घासत उभं राहायचं. केससुद्धा आरशात बघून स्वतःच कापत. त्यामुळे पुढून माणूस नीटनेटका, आणि मागून डोक्यावर भाताच्या खाचरांचे बांध घातलेले. नवखा माणूस त्यांच्या मागून चालत असला तर हसू दाबून चालायचा.

मी लग्न होऊन कऱ्हाडहून थेट या घरात आले. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं आणि आमचे हे तिथे सर्व्हेच्या कामावर होते. सकाळी ट्रक यायचा, यांना घेऊन जायचा, आणि संध्याकाळी धुळीनं माखलेला एक माणूस परत आणून टाकायचा. मधला सगळा दिवस मी मालकांकडे बघत काढत असे. शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असायचा तो ‘स्वावलंबन’ शब्द यांनी मालकांना बहाल केला. ‘आज स्वावलंबन काय म्हणतंय?’ असं विचारतच हे चपला काढायचे.

मालकीणबाई मात्र हसत नसत. त्या घरात पान वाढायची पद्धतच नव्हती. मालक जेवायला बसताना भाताचं पातेलं, कालवणाचं भांडं, मिठाची वाटी, पाण्याचा तांब्या असं सगळं स्वतःभोवती मांडून घेत आणि आपलं आपण वाढून घेत. एकदा मी गमतीनं म्हटलं की तुम्हाला किती आराम आहे, आमच्या सासरी तर पुरुषांच्या पानापुढून हलता येत नाही. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “माज्या हातचं खातात, बाय. पन माज्या हातून काय घेत नाय.”

मालकांशी माझी पहिली गाठ विहिरीवर पडली. माहेरी नळ होता, त्यामुळे डोक्यावर हंडा घ्यायची मला सवय नव्हती. भरलेला हंडा काठावर ठेवून मी कुणी बाई येते का याची वाट बघत होते. परक्या पुरुषाला हात लावा म्हणायची लाज वाटत होती. एवढ्यात मालक कुठूनसे आले, एक शब्द न बोलता हंडा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि निघूनही गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनाच पाणी भरताना पाहिलं तेव्हा उपकार फेडायच्या घाईनं मी पुढे झाले. तर म्हणाले, “नको बाय, सवय हाय.” विहिरीला लागून त्यांनी खांद्याच्या उंचीचा एक दगडी कट्टा बांधून घेतला होता. हंडा आधी गुडघ्यावर, मग कट्ट्यावर, मग वाकून खांद्यावर. मी दोन्ही हात पुढे करून तशीच उभी राहिले. पुढे केलेले हात परत कसे घ्यायचे हे मला त्या दिवशी कळेना.

गावाचंही हेच होत असे. आमच्याकडे सावड असते तसं तिकडेही एकमेकांच्या आवणीला, म्हणजे भातलावणीला जायची, पावसाळ्याआधी एकमेकांची कौलं चाळून द्यायची रीत होती. मालक सगळ्यांकडे जात. हाक मारायच्या आधीच जात. कुणाची गाडी रुतली, कुणाचं जनावर विहिरीत पडलं की पहिला हात त्यांचा. आणि स्वतःच्या घराची कौलं मात्र ते शिडी लावून एकटेच चाळत. खाली अंगणात चार जण नुसते डोकं वर करून उभे. घेतलेला हात परत करता येत नाही म्हणजे माणूस कायमचा मिंधा. काही जण म्हणत याला माज आहे. काही जण त्यांना बोलवायचंच टाळू लागले, तर हे न बोलावता जात, आणि मग ती माणसं आणखीच खजील होत.

अंगणाच्या पलीकडे मालकांचे धाकटे भाऊ राहत. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. पण त्या हातानं ते गवताच्या पेंढ्या अशा आवळून बांधत की दोन्ही हात धड असलेल्यानं बघत राहावं. बोटं कशी गेली हे मी कधी विचारलं नाही. शेतीवाडीत राहणाऱ्या माणसांची अशी बोटं जातात, असं समजून मी गप्प राहिले.

मालकांकडे एक जुना विलायती ट्रॅक्टर होता, घोलवडच्या कुणा बागायतदाराकडून घेतलेला. त्या बाजूला तेव्हा ट्रॅक्टर फार नव्हते, त्यामुळे तो आसपासच्या गावांतही नांगरायला जायचा. ट्रॅक्टरच्या मागे तीन दांड्या असतात, खाली दोन आणि वर एक. नांगर जोडायचा म्हणजे या दांड्यांची भोकं नांगराच्या खुंट्यांवर चढवायची आणि वर पिना घालायच्या. ट्रॅक्टर बोटभर पुढे राहिला तरी भोकं जुळत नाहीत. म्हणून एकानं वर बसून ट्रॅक्टर हळूहळू मागे घ्यायचा आणि दुसऱ्यानं मधे उभं राहून दांडी चढवायची, अशी साधी गोष्ट. मालक अर्थातच दोन्ही कामं एकटे करत. वर चढत, ट्रॅक्टर जरा मागे घेत, इंजिन बंद करत, खाली उतरत, बघत, पुन्हा वर चढत. मग पहार घालून नांगरच ढकलत. निम्मी सकाळ त्यात जायची.

या सगळ्या वेळात धाकटे तिथे येऊन उभे राहत. रोज. काही बोलत नसत. फक्त दांडीजवळ येऊन थांबत. मालक वर न बघता म्हणत, “ऱ्हाऊ दे, झालंच.” धाकटे आणखी थोडा वेळ थांबत आणि जात. मला ते बघून चीड यायची. एवढा धडधाकट भाऊ जवळ उभा असताना पहारीशी झोंबायची कसली हौस, असं वाटे. पण परक्याच्या घरात आपण काय बोलणार?

वैशाखात माझे दिवस भरत आले. आई येणार होती, पण तिच्या आधीच एका दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. हे साइटवर. बोईसरात तेव्हा अडलेल्या बाईची सोय नव्हती, पालघरला न्यायला हवं होतं. मालकीणबाईंनी ओरडून मालकांना बोलावलं. ते शेतातून ट्रॅक्टर घेऊन तसेच अंगणात आले. ट्रॉलीत सुकं गवत टाकलं, त्यावर गोधडी. ट्रॉली लाकडी घोडीवर टेकवून ठेवलेली असे, ती जोडणं सोपं होतं. पण आधी नांगर सुटायला हवा होता आणि त्याची पीन आत वाकून बसली होती.

मी पडवीत खांब धरून बसले होते, तोच तो सुंभ गुंडाळलेला खांब. मालक हातोडीनं पीन ठोकत होते. ती हलेना. वर चढून ट्रॅक्टर थोडा मागे घेतला, खाली आले, पुन्हा ठोकली, पुन्हा वर. धाकटे धावत आले आणि सरळ वर चढायला लागले, की मी मागे घेतो, तू पीन काढ. मालकांनी त्यांचा दंड धरून त्यांना खाली ओढलं. मग धाकटे मधे शिरायला लागले, की मी पीन काढतो, तू वर बस. तेव्हा मालकांनी त्यांना असं काही ढकललं की ते मातीत बसले. माझ्या तोंडून किंचाळी फुटली, ती कळेची होती की संतापाची ते मला आजही सांगता येणार नाही. मालकीणबाई नवऱ्याला नाही नाही ते बोलत होत्या. धाकटे मातीतून उठले, कपडे झटकले, आणि जाऊन फाटकाचा आडणा काढून उभे राहिले. तेवढंच काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि नाकारलेलंही नव्हतं.

पीन एकदाची निघाली. आम्ही निघालो, पण पालघर काही गाठता आलं नाही. उमरोळीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला माझी मुलगी झाली, ट्रॉलीत, गवतावर, भर उन्हात. मालकीणबाईंनी आपलं नेसतं लुगडं अर्धं सोडून आडोसा केला होता. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्या थांबत होत्या. वेदनेपेक्षा लाजेनंच मी मरायची होते. बायकांच्या जातीला त्या वेळीही डोक्यावरचा पदर आठवतो. मालक ट्रॅक्टर सोडून लांब एका चिंचेखाली आमच्याकडे पाठ करून उभे होते, दोन्ही हातांनी कान दाबून. पाठमोरे असल्यामुळे त्यांचे ते खाचरं पाडलेले केस तेवढे दिसत होते. एरवी हसू आलं असतं.

आम्ही दोघी सुखरूप राहिलो. मालकांनी मात्र त्यानंतर माझ्याकडे बघणं सोडलं. मी अंगणात आले की ते गोठ्यात जात, विहिरीवर गेले की ते शेताकडे. बारशाच्या दिवशी दाराबाहेर एक पाळणा आणून ठेवलेला दिसला. त्याला खालून एक पायदान होतं, दोरीनं जोडलेलं. पायानं दाबलं की पाळणा हलायचा आणि दोन्ही हात कामाला मोकळे. दुसऱ्या कुणाची गरज नको, ही त्यांची नेहमीची बुद्धी. मी बाहेर आले तेव्हा ते जायलाच निघाले होते. जमिनीकडे बघत म्हणाले, “उशीर झाला तो माज्यामुलं झाला.” मी काही तरी बोलायला हवं होतं. आपण बोललो नाही की समोरच्याचं म्हणणं खरं ठरतं, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण माझा राग अजून गेलेला नव्हता.

पावसाळ्यात एकदा यांनी साइटवरच्या परदेशी इंजिनियरांकडून एक जुनं मासिक आणलं, मुलीला चित्रं दाखवायला. मूल तीन महिन्यांचं, पण बापाचा उत्साह. त्यात शेतीच्या अवजारांची चित्रं होती. पागोळ्यांखाली भांडी लावताना मालकांची नजर पडवीतल्या त्या उघड्या पानावर गेली आणि ते तिथेच थांबले. एका ट्रॅक्टरच्या मागे घराच्या आढ्यासारखी निमुळती लोखंडी चौकट बसवलेली होती आणि नांगराला तशीच पालथी खोबण. चौकट खोबणीखाली न्यायची, वर उचलायची, की नांगर आपोआप अडकतो.

“काय लिवलंय?” त्यांनी कित्येक आठवड्यांनी माझ्याशी बोलायला तोंड उघडलं होतं.

मॅट्रिकचं इंग्रजी पणाला लावून मी अर्थ लावला. सांगितलं की ड्रायव्हरला खाली उतरावं लागत नाही, बसल्या जागी नांगर लागतो आणि सुटतो, आणि कुणाला मधे उभं राहावं लागत नाही.

“मदे कोन नाय?”

“कुणी नाही.”

त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग मासिक मागून घेतलं आणि ओल्या हातांना लागू नये म्हणून सदऱ्याच्या आत घालून नेलं. मला फार बरं वाटलं. एवढे उपकार केलेल्या माणसाच्या आपण एकदाचे काही तरी उपयोगी पडलो, असं वाटलं. संध्याकाळी मोठ्या ऐटीत मी ही हकीकत मालकीणबाईंना सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले, आणि तेव्हा कुठे मला त्या बोटांची गोष्ट कळली.

ट्रॅक्टर नवा नवा आला होता तेव्हाची गोष्ट. दोघं भाऊ मिळूनच नांगर जोडत. मोठा वर, धाकटा मधे. त्या दिवशी मालक चिखलातून तसेच अनवाणी येऊन वर बसले होते. “हात लाव रे,” म्हणाले, धाकट्यानं दांडीला हात लावला, आणि मालकांचा ओला पाय क्लचवरून सटकला. ट्रॅक्टर वीतभरच मागे आला असेल. धाकट्यानं कधी एका शब्दानं दोष दिला नाही. हाताची पट्टी सुटली त्या दिवशीच तो पुन्हा दांडीजवळ येऊन उभा राहिला. पण मालकांनी तेव्हापासून कुणालाच हात लाव म्हटलं नव्हतं. भावाला नाही, बायकोला नाही, न्हाव्यालासुद्धा नाही. “लाज खातेय त्यांना,” मालकीणबाई म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्यानंतर मला चादरीचा आकडा बघवेना. त्यांच्या केसांना आम्ही हसायचो ते आठवून तोंड लपवावंसं वाटे. यांनीही ‘स्वावलंबन’ म्हणणं सोडलं.

बांधकामामुळे बोईसरला वेल्डिंगची दुकानं निघाली होती. त्यातल्या एकाकडे मालकांनी ती चौकट करून घेतली. वेल्डर सांगायचा की असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. लोखंड धरायला माझ्या माणसाला हात लावू देत नाही, ठिणग्या स्वतःच्या अंगावर घेतो. दोनदा चौकट वाकली, एकदा कडी लागेना. शेवटी दसऱ्याच्या आधी जमलं. आम्ही तिला ‘झटपट’ म्हणायला लागलो, आणि मग गावही म्हणायला लागलं.

दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातल्या, नांगराला हळदकुंकू लावलं आणि मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. या माणसानं स्वतःहून लोकांना बोलावल्याचं गावाला अप्रूप होतं. मला मुलीला घेऊन पुढे उभं केलं होतं. मालक ट्रॅक्टरवर बसले, मान वळवून मागे बघत हळूच रिव्हर्स घेतला, चौकट खोबणीखाली गेली, दांडा ओढला, चौकट वर उचलली, आणि खट् असा आवाज झाला. नांगर जमिनीवरून उठला. मग तो खाली टेकवून बसल्या जागेवरून त्यांनी एक दोरी ओढली आणि नांगर सोडून पुढे गेले. पुन्हा मागे, पुन्हा खट्. लोक टाळ्या वाजवायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मालकांना हसताना पाहिलं.

धाकटे माझ्या शेजारीच उभे होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी त्यांना मोठ्यानं ओरडून म्हटलं, आणि नेमकं त्याच क्षणी मालकांनी इंजिन बंद केलं. भर अंगणात माझा एकटीचा आवाज घुमला: “आता मधे कुणाची गरजच नाही बघा!”

सगळे माझ्याकडे वळले. धाकट्यांनी रागावून नाही, अगदी सहज सांगावं तसं उत्तर दिलं, पण शांततेत तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

“दोन बोटं टॅक्टरनं नेली, बाय. त्याचं मना काय नाय. ऱ्हायलेला आखा हात दादानं नेला.”

ते घरात गेले. लोक आपट्याची पानंही न देता पांगले. मालक ट्रॅक्टरवर तसेच बसून होते, गळ्यात कुणी तरी घातलेली झेंडूची माळ. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मुलीसकट मला पोटात घ्यावं. ते मासिक मीच वाचून दाखवलं होतं, तेही दोनदा.

दुसऱ्या दिवशी धाकटे आमच्या यांच्याकडे आले. साइटवर मजुरांत नाव लागेल का, असं विचारलं. तारापूरकडेच खोली बघतो, बायकोपोरांना घेऊन तिकडेच राहतो म्हणाले. इथे आता त्यांना काही काम उरलं नव्हतं. यांनी समजावायचा प्रयत्न केला, पण ते ऐकेनात, तेव्हा यांनी मुकादमाला सांगून ठेवलं. मालकीणबाई दोन दिवस चूल पेटवून तिच्यापुढे नुसत्या बसून होत्या. एका अंगणाची दोन घरं तुटायची वेळ आली होती. भांडण असतं तर मिटवता आलं असतं, पण इथे कुणी कुणाशी भांडलंच नव्हतं.

धाकटे जायचे होते त्या सकाळी मी चुलीपाशी होते. माझ्या खिडकीतून अंगण दिसायचं. लोखंडाचा आवाज आला म्हणून पाहिलं, तर मालक ट्रॅक्टरची चौकट सोडवत होते. ती काढून त्यांनी फणसाखाली टाकली. धाकटे धुतलेला सदरा घालून, हातात डबा घेऊन ट्रकसाठी बाहेर पडले होते. मालक त्यांच्या वाटेत जाऊन उभे राहिले आणि ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं.

“वर बस.”

धाकट्यांना काही कळलं नाही. मलाही नाही. पण मोठ्या भावाचं ऐकायची सवय होती. डबा कट्ट्यावर ठेवून ते वर चढले, इंजिन सुरू केलं. मालक मधे गेले, नांगर आणि ट्रॅक्टर यांच्या मधे, जिथे कधी काळी धाकटे उभे होते तिथे. ट्रॅक्टर हळूहळू मागे आला. मालकांनी उजवा हात पुढे केला, पण दांडी धरली नाही. दांडी आणि खुंटी यांच्या फटीत त्यांनी पंजा उघडा ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

धाकट्यांनी क्लच दाबून धरला. ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडत होता.

“हात काढ, दादा.”

मालक हलले नाहीत.

“दादा, हात काढ.”

मग धाकट्यांनी इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला, खाली उतरले आणि आपल्या तीन बोटांनी मालकांचं मनगट धरून तो हात फटीतून बाहेर काढला. म्हणाले, “मना तुजा हात घेऊन काय करायचाय? मना काम सांग.”

मालक रडत होते. एवढा मोठा माणूस तोंडाचा आवाज दाबत नाही, डोळे पुसत नाही, नुसता उभा राहून रडतोय, हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर रस्त्यावर ट्रकनं हॉर्न वाजवला, यांचा ‘थांबा, थांबा’ असा आवाज आला. मालक जेमतेम ऐकू येईल असं बोलले.

“मंग हात लाव.”

मी खिडकीतून मागे झाले. दुसऱ्यांच्या घरातलं जे बघू नये ते बघितल्याची शरम वाटत होती, आणि तिथून हलवतही नव्हतं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. यांचा ट्रक त्या दिवशी एकट्या यांनाच घेऊन गेला.

नंतर गावानं खूप चेष्टा केली. पंचक्रोशीत कुणाकडे नसलेली जोडणी यांच्याकडे आली आणि आठवड्यात फणसाखाली जाऊन पडली. मालकीणबाईंनी ती परसात उभी करून तिच्यावर पडवळाचा वेल चढवला, आणि वेल इतका धरला की पडवळं आम्हालाही पुरली. दोघा भावांना नांगर जोडायला पुन्हा निम्मी सकाळ लागायला लागली, कारण आता जोडण्यापेक्षा वाद जास्त होत. मालक बुटाची नाडी आवळून, क्लचवरचा पाय दोनदोनदा तपासून वर बसत. त्यांचा चेहरा त्या वेळी घामानं भिजलेला असे. भीती काही गेली नाही. पण ते “लाव” म्हणत आणि धाकटे लावत.

मालकांचा स्वभावच टोकाचा. आता त्यांना कशालाही माणूस लागायला लागलं. पाट उचलायला धाकटे, चादर पिळायला मालकीणबाई, पाठीला तेल लावायला तर वाटेनं जाणारा कुणीही. मालकीणबाई लटक्या रागानं म्हणत की पूर्वीचंच बरं होतं. न्हावी आला तेव्हा मात्र सगळं अंगण बघायला जमलं.

पुढच्या वर्षी आम्हाला तारापूरला वसाहतीत क्वार्टर मिळालं. तिथे नळ होता. निघायच्या दिवशी सामान ट्रॉलीत भरून झालं, दोघा भावांनीच भरलं. मी मुलीला कडेवर घेऊन मालकांच्या पाया पडायला गेले तर ते विहिरीवर होते. वाकले की नाही तोच पाय मागे घेतले आणि म्हणाले, “बाय, जरा हात लाव.”

काठावर हंडा होता. शेजारीच तो खांद्याइतका कट्टा होता, त्यांना कुणाची गरज नव्हती. मी मुलीला खाली ठेवलं, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी हंडा धरला. उचलला तेव्हा कळलं, तो अर्धाही भरलेला नव्हता. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. खाली मान घालून मी तो त्यांच्या खांद्यावर ठेवला.